गाडी धावते, अडतं ते भरताना आणि उतरवताना

(हा या भागाचा लेखी मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी. बोलल्यासारखाच ठेवलाय, फक्त मधले "अं… म्हणजे…" काढून टाकलेत.)

आज थोडा कामाचा विषय घेऊ. कामाचा म्हणजे खरोखरच नोकरीच्या कामाचा.

नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, अहमदपूर या भागातली कितीतरी मुलं आज चाकणला, भिवंडीला, हैदराबादच्या बाजूला गोदामांत काम करतायत. कुणी पिकिंग करतं, कुणी पॅकिंग, कुणी गाडी चालवतं, कुणी डिलिव्हरी करतं. त्यांचा प्रश्न साधारण सारखाच असतो: "दादा, दोन वर्षं झाली, खोकीच उचलतोय. तो शिफ्ट इनचार्ज केबिनमध्ये बसतो, त्याला असं काय येतं जे मला येत नाही? लॉजिस्टिक्सचा कोर्स करू का?"

कोर्सबद्दल शेवटी बोलू. आधी "त्याला काय येतं" हे बघू. आणि त्यासाठी पुण्या-मुंबईच्या कंपनीचं उदाहरण नको. आपल्याच लातूरचं घेऊ, २०१६ चं.

पाण्याची रेल्वे

तुमच्यातले काही जण तेव्हा शाळेत असतील. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूर शहराला नळाचं पाणी मिळत नव्हतं. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरायच्या ठिकाणी कलम १४४ लावावं लागलं. जमावबंदी, पाण्यासाठी! भांडणं होतील, टँकर लुटले जातील, ही भीती होती.

मग ठरलं की मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायचं. मिरजेत कृष्णेचं पाणी आहे, रेल्वेचं मोठं यार्ड आहे. मिरज ते लातूर रेल्वेमार्ग ३४२ किलोमीटर. ११ एप्रिलला पहिली गाडी निघाली आणि १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोचली. १० वाघिणी, म्हणजे टाकीवाले डबे, आणि त्यात साधारण ५ लाख लिटर पाणी. तिला सगळे "जलदूत" म्हणायला लागले. टीव्हीवर गाडीला हार घातलेले दिसले, घोषणा ऐकू आल्या.

आता जरा मॅनेजरच्या डोक्यानं बघू. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या घरात होती. ५ लाख लिटर भागिले ३ लाख ८२ हजार. माणशी किती आलं? सव्वा लिटरच्या आसपास. एक बाटली आणि वर थोडं. टीव्हीवर मोठी दिसणारी गाडी शहराच्या तहानेपुढे एवढीशीच होती. पुढे २० एप्रिलच्या सुमारास ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, म्हणजे २५ लाख लिटर. तरी माणशी साडेसहा लिटर. अंघोळीची एक बादली भरत नाही त्यात.

हा भागाकार करायला पदवी लागत नाही, फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो. पण तो करायचं सुचणं, हे पहिलं कौशल्य. "गाडी आली" या आनंदात कुणीतरी शांतपणे विचारायला हवं की माणशी किती, रोज किती, आणि किती दिवस? पाणी कमी आहे हे आकड्यात कळलं, की मग ते कुणाला आधी, कुठल्या भागात किती दिवसांनी, याचं नियोजन करता येतं.

अडलं कुठे?

पाणी-रेल्वे म्हटलं की आपल्याला इंजिन आठवतं. पण या सगळ्या कामात इंजिन हा त्यातल्या त्यात सोपा भाग होता. रेल्वेला गाडी चालवता येतेच की!

अवघड काय होतं ते बघा. आधी टाक्या कुठून आणायच्या? या वाघिणी तेल वाहून नेणाऱ्या. त्यात पिण्याचं पाणी तसंच कसं भरणार? म्हणून राजस्थानातल्या कोटाच्या कारखान्यात त्या आतून वाफेनं धुतल्या गेल्या, मग मिरजेला आल्या.

दुसरं, भरायच्या कशा? मिरजेच्या यार्डात जी नळाची सोय होती, तिच्यावर १० वाघिणी भरायलाच कित्येक तास गेले. मग ५० वाघिणींना किती लागतील? म्हणून हैदरखान जलशुद्धीकरण केंद्रापासून यार्डापर्यंत अडीच किलोमीटरहून लांब नवी जलवाहिनी टाकावी लागली. ती घाईघाईनं पूर्ण झाली आणि त्यानंतरच मोठी गाडी धावू शकली.

तिसरं, लातूरला उतरवायचं कुठे? स्टेशनाजवळच्या मोठ्या विहिरीत पाणी सोडलं गेलं, तिथून शुद्धीकरणाला, आणि तिथून टँकरनं गल्लोगल्ली. रेल्वेनं ३४२ किलोमीटर आणलेलं पाणी शेवटचे दोन-चार किलोमीटर टँकरच्या रांगेत अडकू शकत होतं.

आता सांगा, पाणी वाढवायचं तर पैसा कुठे लावायचा? जास्त ताकदीचं इंजिन आणून काही उपयोग होता का? नव्हता. मिरजेतल्या नळापाशी अडत होतं, तिथेच पाइप जाड करावा लागला. याला सप्लाय चेनच्या पुस्तकात "बॉटलनेक" म्हणतात. बाटलीतलं पाणी मानेतून येईल तेवढंच येणार, बाटली कितीही मोठी असू द्या. आपल्या आज्या हे चाळणी आणि नरसाळ्यावरून ओळखत होत्या. मॅनेजरची अर्धी नोकरी म्हणजे आज मान कुठे आहे हे शोधणं. "आज" म्हणतोय, कारण ती जागा बदलते. मिरजेचा पाइप मोठा झाला की लगेच लातूरची विहीर आणि टँकर पुरतात का, हा प्रश्न पुढे येतो.

ही गाडी ऑगस्ट २०१६ पर्यंत चालली. शंभरहून जास्त फेऱ्या, साधारण २६ कोटी लिटर पाणी. देशात हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९८६ मध्ये गुजरातेत राजकोटला रेल्वेनं पाणी गेलं होतं, आणि २०१९ च्या जुलैमध्ये चेन्नईला जोलारपेट्टईहून ५० वाघिणींच्या गाडीनं पाणी नेलं.

अजून एक गोष्ट बघा. लातूरची रेल्वे आधी नॅरोगेज होती, बार्शी लाइट रेल्वेची. लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज हा सगळा पट्टा ब्रॉडगेज व्हायला २०१० च्या आसपासची वेळ आली. म्हणजे दुष्काळ पाच-सात वर्षं आधी पडला असता, तर ही गाडी आलीच नसती. संकटात जी वाट उपयोगी पडते, ती संकटाच्या आधीच बांधलेली असावी लागते.

वेग वाढवायचा की वाट बघणं कमी करायचं?

आता हेच आपल्या रोजच्या ट्रकवर लावू. हिशेबासाठी आकडे मी धरतोय, तुम्ही तुमचे घाला.

नांदेडहून हैदराबादला एक ट्रक जातो. जायला ८ तास, यायला ८ तास. नांदेडला गोदामात भरायला नंबर लागेपर्यंत आणि भरेपर्यंत ६ तास. हैदराबादला उतरवायला १० तास. एकूण एक फेरी ३२ तासांची. गाडी दोन ड्रायव्हरवर सतत चालली तर ३० दिवसांत, म्हणजे ७२० तासांत, साधारण २२ फेऱ्या.

मालक म्हणतो, "फेऱ्या वाढवा." नवशिक्या सुपरवायझर काय करतो? ड्रायव्हरला फोन: "काका, जरा दाबा की!" काका किती दाबणार? गाडीचा वेग दुप्पट झाला तरच ८ तास वाचतील, आणि तसं करायला गेलात तर गाडी बिलोलीच्या पुढे कुठेतरी खड्ड्यात मिळेल.

पण भरायची-उतरवायची वाट बघणं निम्मं केलं तर? ६ चे ३, १० चे ५. वाचले ८ तास. तेवढेच! फेरी २४ तासांची झाली, महिन्याला ३० फेऱ्या झाल्या. गाडी तीच, ड्रायव्हर तेच, हप्ता तोच, आणि कुणाचा जीवही धोक्यात नाही.

हे कसं करायचं? समोरच्या गोदामाला आदल्या दिवशी फोन करून उतरवायची वेळ ठरवायची. माल आधीच दाराशी लावून ठेवायचा. कागद गाडी यायच्या आत तयार ठेवायचे. हमालांची टोळी जेवायला गेली असताना गाडी दाराला लावायची नाही. अगदी बारीक गोष्टी आहेत, पण मॅनेजरचा पगार या बारीक गोष्टींचाच असतो.

बारदान्याची गोष्ट

मान कुठे असेल हे वस्तूच्या किमतीवरून कळत नाही. २०२४-२५ च्या हंगामातली सोयाबीन खरेदी आठवा. हमीभाव ४,८९२ रुपये. शेतकरी केंद्रावर माल घेऊन आले, गोदामं होती, काटे होते, नोंदणी झालेली होती. आणि राज्यातल्या कित्येक केंद्रांवर खरेदी थांबली, कारण बारदाना संपला. रिकामी पोती! मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. हजारोंच्या मालाला त्यामानानं अगदी स्वस्त पोत्यानं अडवून धरलं. त्या दिवसांत ज्याला पैशाची गरज होती, त्यानं काय केलं? मोंढ्यात मिळेल त्या भावाला सोयाबीन घातलं. कुणाच्या तरी यादीत पोती लिहायची राहिली किंवा वेळेत पोचली नाहीत, आणि त्याची किंमत शेतकऱ्यानं मोजली.

म्हणून तुमच्या हातात काम येईल तेव्हा महागड्या वस्तूंबरोबर स्वस्त वस्तूंची यादीही ठेवा. पोती, सुतळी, चिकटपट्टी, प्रिंटरचा कागद, पॅलेट. प्रत्येकीपुढे दोनच आकडे: रोज किती लागतं, आणि मागवल्यावर यायला किती दिवस लागतात. रोज २०० पोती लागतात आणि यायला ५ दिवस लागतात, तर शिल्लक १,००० वर आली की त्याच दिवशी ऑर्डर. थोडी जास्तीची गृहीत धरून १,२०० वर केली तर आणखी बरं. याला "रीऑर्डर लेव्हल" म्हणतात. घरी गॅस सिलिंडर संपायच्या आधी आई दुसरा नंबर लावते, तेच हे.

माल ओळखता आला पाहिजे

काही मुलं म्हणतात, "मला सॉफ्टवेअर येतं." चांगलंय. पण माल येतो का?

समजा तुमच्या गोदामात १०० क्विंटल सोयाबीन आलं, ओलावा १५ टक्के. दोन महिन्यांनी वजन केलं तर ९६ क्विंटल ६० किलो. साडेतीन क्विंटलच्या आसपास माल गेला कुठे? मालक ओरडणार, वॉचमनवर संशय येणार. पण थांबा. १५ टक्के ओलावा म्हणजे ८५ क्विंटल कोरडा माल. आता ओलावा १२ टक्क्यांवर आला असेल, तर तोच ८५ क्विंटल कोरडा माल एकूण ९६ क्विंटल ६० किलो भरतो. चोरी झालेलीच नाही, पाणी उडून गेलंय. हे ज्याला मांडता येतं, तो एका गरीब वॉचमनची नोकरी वाचवतो. आणि याच गणितात १०० क्विंटलचे ९४ झाले, तर तो ठामपणे सांगू शकतो की इथे काहीतरी गडबड आहे.

आता दुसरं टोक बघा. अर्धापूरची केळी. सोयाबीन थांबायला तयार असतं, केळी थांबत नाही. कापल्यापासून घड्याळ सुरू. १३ अंशांच्या खाली थंड केली तर साल काळवंडते, आणि उन्हात उभी ठेवली तर वाटेतच पिकते. सोयाबीनच्या गाडीला चार तास उशीर झाला तर फार तर वाद होतो. केळीच्या गाडीला झाला तर भाव पडतो. म्हणून दोन्ही गाड्या एकाच वेळी दारात आल्या तर आधी कोणती भरायची, हे "आधी कोण आलं" यावरून ठरवायचं नसतं.

कागद आणि माणसं

कागदाचा भाग पटकन सांगतो. राज्याबाहेर ५० हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल जातो, तेव्हा ई-वे बिल लागतं. साधारण नियम असा की २०० किलोमीटरपर्यंत एक दिवस, पुढच्या प्रत्येक २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी एक दिवस. नांदेड-हैदराबाद अंतर २०० च्या वर आणि ४०० च्या आत, म्हणजे दोन दिवस. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर नवीन गाडीचा नंबर टाकून बिल अपडेट करावं लागतं. मुदत संपायच्या ८ तास आधी किंवा नंतर ती वाढवता येते. हे ज्याला रात्री दोन वाजता, फोनवरून, न घाबरता करता येतं, त्याला कंपनी सोडत नाही.

आणि माणसं. आपल्याकडे माल अजून माणसाच्या पाठीवरून जातो. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे, हमालांची मजुरी आणि हक्क त्यात येतात. तो माहीत असावाच. पण कायद्याच्या आधी साधी गोष्ट: एप्रिल-मेच्या लातूरच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात दुपारी दोन वाजता गाडी भरायला लावाल, तर माणूस कोसळेल किंवा माल आपटेल. तीच गाडी सकाळी सहाला लावा, निम्म्या वेळात भरून निघेल. मुकादमाला विचारून वेळ ठरवणारा पोरगा आणि केबिनमधून आवाज देणारा पोरगा, यांच्यातला फरक टोळीला पहिल्या आठवड्यातच कळतो.

इथे आपल्याकडे एक जमेची बाजू आहे, जी आपण मोजतच नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या कितीतरी पोरांना मराठी, हिंदी आणि तेलुगू येतं. उदगीर-निलंग्याकडे कन्नड येतं. हैदराबादच्या गोदामवाल्याशी तेलुगूत बोलून उतरवायची वेळ पक्की करणारा मुलगा हा इंग्रजी अडखळत बोलला म्हणून कमी ठरत नाही. मुलाखतीत हे सांगा. "मला तीन भाषांत ड्रायव्हरशी आणि पार्टीशी बोलता येतं" हे तुमच्या बायोडेटावर वरच्या बाजूला पाहिजे.

मग कोर्स करू का?

करा, जमत असेल तर. १७ सप्टेंबर २०२२ ला, म्हणजे आपल्या मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्रानं राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर केलं. या क्षेत्रासाठी लॉजिस्टिक्स सेक्टर स्किल कौन्सिल आहे, शिकता शिकता काम करायचे ॲप्रेंटिसशिपचे पदवी अभ्यासक्रमही आहेत. पण कर्ज काढून, शेत गहाण ठेवून कुठल्यातरी "१०० टक्के प्लेसमेंट"च्या जाहिरातीला भुलू नका. पैसे भरायच्या आधी मागच्या वर्षीच्या तीन मुलांशी स्वतः बोला. कुठे लागले, काय काम करतात, हातात किती येतात.

आणि कोर्स असो-नसो, हे काम उद्यापासून करा. फुकट आहे. मोंढ्यात जा, किंवा तुम्ही काम करता त्या गोदामाच्या दारात, परवानगी घेऊन. वही घ्या. दहा गाड्यांच्या प्रत्येकी पाच वेळा लिहा: गेटवर कधी आली, काट्यावर कधी गेली, भरायला कधी सुरुवात झाली, भरून कधी झाली, बाहेर कधी पडली. घरी येऊन एक्सेलमध्ये टाका. फोनवरही एक्सेल चालतं. दोन वेळांमधलं अंतर काढा. सगळ्यात मोठं अंतर जिथे दिसेल, ती मान.

मग मुलाखतीला जाल तेव्हा "मी मेहनती आहे, टीम प्लेअर आहे" असलं काही बोलायची गरज नाही. कागद पुढे ठेवा. "साहेब, मी दहा गाड्या मोजल्या. गाडी भरायला दीड तास लागतो, पण भरायला सुरुवात व्हायच्या आधी ती चार तास उभी असते. त्यातले तीन तास कागदासाठी जातात." आकडे तुमचे खरे घाला, बनवू नका. खरा मॅनेजर हे ऐकून खुर्चीत पुढे सरकतो.

जलदूतचं पाणी ज्यांनी पोचवलं त्यात इंजिनचा ड्रायव्हर होता, तसाच कोटात टाकीत उतरून ती धुणारा होता, मिरजेत पाइप जोडणारा होता आणि लातूरच्या गल्लीत टँकरची पाळी लिहिणारा होता. फोटो इंजिनाचा निघाला. पण पाळीची वही चुकली असती, तर एखाद्या गल्लीला त्या दिवशी पाणी नसतं मिळालं. तुम्हाला सप्लाय चेनमध्ये यायचं असेल, तर त्या वहीकडे बघायला शिका.

तर आजच्यापुरतं एवढंच. दहा गाड्यांची वही केलीत तर मला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. आणि चाकणला खोकी उचलणाऱ्या तुमच्या त्या मित्राला हा भाग नक्की फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी जपून वापरा!